संपत आरशात दिसला नाही

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. वारज्याच्या पुढे, महामार्गालगतच्या ट्रकतळावर एका कोपऱ्यात मी गेली तीन वर्षे उभा आहे. माझ्या टायरांतली हवा कधीच गेली. पण तुम्हाला सांगायचे आहे ते माझ्या दुखण्याविषयी नाही.

मी नवा होतो तेव्हा माझ्या केबिनवर रंगाऱ्याने कमळे काढली होती. पहिल्याच दिवशी अल्लाबक्ष माझ्या स्टिअरिंगवर बसला आणि त्याच्या जोडीला क्लीनर म्हणून संपत आला. अल्लाबक्ष भवानी पेठेतला, संपत वारजे गावातला. दोघेही तिशीचे. चौदा वर्षे ते माझ्यासोबत होते.

त्या काळात कोथरूडमध्ये जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. आम्ही विटा नेत असू. गल्लीत वळायला जागा नसे, म्हणून मुख्य रस्त्यापासून मागे मागेच जावे लागे. अल्लाबक्ष आधी खाली उतरून मागची सगळी जागा चालून बघे. मग संपत मागे उजव्या अंगाला, आरशात दिसेल असा उभा राही.

"तू आरशात दिसला नाहीस, तर मी गाडी हलवणार नाही," अल्लाबक्ष म्हणायचा.

"मी हितंच हाय. येऊ द्या," संपत म्हणायचा.

एकदा शरच्चंद्र नावाचे एक गृहस्थ गच्चीतून हे बघत होते. ते म्हणाले, "आमच्या सोसायटीत स्कूटरसुद्धा इतकी सरळ कोणी लावत नाही." पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मला फार अभिमान वाटला होता.

मग तो दिवस आला. आम्ही साताऱ्याकडून सिमेंट घेऊन आलो होतो. दुपारचे दोन वाजले होते आणि अल्लाबक्ष अजून जेवला नव्हता. तळ भरलेला होता. भिंतीला लागून शेजारशेजारच्या दोनच जागा रिकाम्या होत्या. आमच्यामागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. त्या दिवशी अल्लाबक्ष खाली उतरला नाही. संपत उतरला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला.

तेवढ्यात शेजारच्या जागेत दुसरा एक ट्रक मागे येऊ लागला. संपत दोन गाड्यांच्या मध्ये सापडला असता. म्हणून तो पटकन माझ्या मागे, भिंतीच्या बाजूला सरकला. आरसा रिकामा झाला. त्याच क्षणी हाक आली, "येऊ द्या, येऊ द्या."

ती हाक शेजारच्या ट्रकच्या माणसाची होती, त्याच्या ड्रायव्हरसाठी. अल्लाबक्षला ती संपतची वाटली. त्याने मला मागे घेतले.

मित्रांनो, मला सगळे कळत होते. पण ट्रकला स्वतःचा ब्रेक स्वतः दाबता येत नाही.

लोक ओरडले. अल्लाबक्षने मला पुढे घेतले आणि धावत मागे आला. संपत भिंतीशी बसल्यासारखा दिसत होता. तळावर चहा विकणाऱ्या बायडाबाईंनी त्याच्या तोंडाला पाणी लावले, पण ते त्याच्या गळ्याखाली उतरले नाही.

दहाव्यानंतर संपतची बायको आनंदी तळावर आली, ती जागा बघायला. अल्लाबक्ष माझ्या सावलीत बसला होता. तो उठून उभा राहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "चौदा वर्षं ते तुमच्यासंगं होते. त्यांचा आवाज तुमाला ओळखू नाय आला?"

ती रागाने बोलली नाही. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. अल्लाबक्षने माझी किल्ली बायडाबाईंच्या टपरीवर ठेवली आणि तो चालत निघून गेला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. मला चालवायला मग दुसरे कोणी धजावले नाही.

तळावर एक पाटी लागली: 'खाली उतरून मागे बघा, मगच गाडी मागे घ्या.' महिनाभर लोकांनी ती वाचली. आता तिला टेकूनच ट्रक उभे राहतात आणि ती कोणाला दिसत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, पुढचे न उतरता मागे येतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मोठी गाडी चालवेल. त्याने एवढेच करावे: मागे उभा असलेला माणूस डोळ्यांना दिसत नसेल, तर थांबावे. हॉर्न वाजू द्यावेत. खाली उतरून त्याला शोधावे. तेवढा वेळ त्या दुपारी आमच्याकडे होता.