मिठाईबरोबरची सही

टाचणी तिरपी लागली होती... तिचं टोक कागदामागून बाहेर येऊन नीलकंठच्या अंगठ्याला सारखं टोचत होतं. त्याने अशी टाचणी कधी लावली नसती. एकवीस वर्षं पीथमपूरच्या त्या कारखान्याचं टाइम ऑफिस सांभाळलं, हजेरी, रजा, सगळं — आणि काल संध्याकाळी अंशुलने, वयाने मुलासारख्या त्या नव्या मॅनेजरने, दोन कागद टाचून हातात दिले. उद्यापासून येऊ नका. महिन्याची नोटीस नाही, तिच्या बदल्यात पगार नाही. दुसरा कागद म्हणजे त्याच्याच रजेच्या कार्डाची झेरॉक्स. शिल्लक रजा, शून्य.

शून्य... हरामखोर. वडिलांच्या तेराव्याला दुपारपर्यंत ऑफिसात होतो मी.

धारच्या लेबर ऑफिसातल्या बाकावर बसून तो मनातल्या मनात अंशुलला उभा करत होता — लेबर साहेबांपुढे, मान खाली, इस्त्रीचा शर्ट काखेत भिजलेला — आणि पुन्हा पुन्हा उभा करत होता, कारण दर वेळी बरं वाटत होतं. सकाळी कमलने विचारलं होतं, "अहो, आज बस नाही का पकडायची?" तो म्हणाला होता, "आज एकाची जिरवायची आहे." ती हसली होती. नोकरी गेल्याचं तिला अजून सांगितलंच नव्हतं. आधी जिरवू, मग सांगू.

कारण त्या शून्याचं मर्म त्याच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. दर दिवाळीला टाइम ऑफिसच्या खिडकीशी मिठाईचा डबा द्यायचा आणि रजेच्या कार्डावर सही घ्यायची, ही कारखान्याची रीत. लोकांना वाटे, डबा मिळाल्याची सही. मग डिसेंबरात निवांत बसून त्या सहीच्या वर न घेतलेल्या रजा घेतल्या म्हणून भरायच्या — कोणाच्या आठ, कोणाच्या चौदा — तपासणीला शिल्लक दिसता कामा नये. आणि स्वतःचं कार्डही तो तसंच भरत आला होता, इतरांहून सुबक... ऑफिसच्या माणसाने स्वतःलाच सूट घेतली तर लोक काय म्हणतील? आज हे सगळं तो सांगणार होता. अंशुलला जन्मभर पुरलं असतं.

पाळी आल्यावर टेबलापलीकडच्या बाबूने कागद चष्म्याजवळ धरले. "सही आपकी?"

"माझीच. पण ती मिठाईची आहे, भिया."

"और ये तारीखें किसने भरी?"

"ऑफिसने."

"ऑफिस के हाथ नहीं होते, भिया. लिखावट किसकी है?"

रात्रभर त्याने उत्तरं घोकली होती. पण अक्षर त्याचंच होतं.

तुकाराम आठवला. वेल्डर, दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेला. चौदा दिवसांच्या रजेचा पगार विचारायला खिडकीशी आला, तेव्हा नीलकंठने कार्ड त्याच्याकडे फिरवून सहीवर बोट ठेवलं होतं — आणि तेव्हा मजा वाटली होती... वाटली होती, खोटं कशाला बोलू? तुकाराम म्हणाला, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, नीलकंठदादा." आणि गेला.

"देखो," बाबू आवाज खाली आणून म्हणाला, "नोटीस का पैसा माँग लो, वो मिल जाएगा. छुट्टी वाली बात लिखोगे तो पहले आप ही फँसोगे."

अंशुलवरचा राग जागेवरच होता. त्याने चाचपून पाहिला, कणभर कमी नव्हता. पण तुकाराम, जो बदनावरच्या मंडीत पोती उचलतो असं कोणीतरी म्हणालं होतं, तो मनात कोणाला उभं करत असेल? कोणालाच नाही. त्याने तर विश्वास ठेवला होता. सूड कोणावर उगवायचा हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं, ते मला ठाऊक होतं, एकट्या मला... बाबू पेन पुढे करून थांबला होता, आणि तुकारामच्या वाट्याचा राग आता नीलकंठला स्वतःच स्वतःवर करावा लागत होता. आणि रात्रभर जपलेल्या त्या दुसऱ्या रागाहून हा फार जोराचा होता.