पुन्हा एक मिनिट

मैदानावर त्याला सगळे भोंगा म्हणत. आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी पत्र्याच्या छताखालच्या केबिनमध्ये बसून खेळाडूंची नावं पुकारायचा. आवाज असा, की ज्याचं नाव घेतलं त्याची छाती फुगावी. हे काम तो हौसेनं करत आला होता. पण त्या शनिवारी सकाळी क्लबच्या ऑफिसात सेक्रेटरींनी सामन्याआधीच्या एक मिनिट मौनासाठी त्यानं लिहिलेला कागद हातात घेऊन लाल पेन उघडलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"नावं नकोत," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, नावांसाठीच तर मौन आहे."

"अरे, मौन म्हणजे गप्प राहायचं. आणि हा 'ज्यू' शब्द काढ. 'त्या काळातले सगळे दुर्दैवी बळी' म्हण. उगाच कुणाच्या शेपटीवर पाय नको."

युद्धात नाझींनी शहर घेतलं, तेव्हा या क्लबातल्या ज्यू माणसांना गाड्यांत भरून नेलं होतं. गोलरक्षक, बचावफळीतले दोघे सख्खे भाऊ, संघाचा डॉक्टर, खेळाडूंचे कपडे धुणारी बाई आणि तिच्या मुली. कुणीही परत आलं नाही. क्लबच्या भिंतीवर जिंकलेल्या प्रत्येक चषकाचा फोटो होता, या माणसांबद्दल एक ओळ नव्हती. भोंग्यानं तगादा लावून लावून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे हे एक मिनिट पदरात पडलं होतं.

"दुर्दैव म्हणजे छत अंगावर कोसळणं, साहेब. यांना ज्यू म्हणून वेचून मारलं."

"तू चष्मे विक. इतिहास नको शिकवू मला."

"बरं, उत्तरेच्या स्टँडचं काय करणार आहात? आज समोर तोच संघ आहे."

सेक्रेटरींनी हात झटकला. "मजा करतात रे पोरं."

ती मजा काय होती, ते शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. समोरचा संघ शहराच्या ज्या भागातला, तिथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. आता त्या संघात औषधालाही ज्यू खेळाडू नव्हता. तरी उत्तरेच्या स्टँडमधले लोक त्याला 'ज्यूंचा संघ' म्हणत आणि त्याचे खेळाडू मैदानात आले की दातांतून लांबलचक आवाज काढत. स्स्स्स. विषारी वायू सोडल्याचा आवाज. ज्या वायूनं बंद खोल्यांत माणसं मारली, त्याची नक्कल.

दुपारी मौनासाठी बोलावलेली पाहुणी आली. गोलरक्षकाची तान्ही मुलगी तेवढी कुणीतरी लपवली म्हणून वाचली होती. ही तिची लेक, शहरातच दातांची डॉक्टर. भोंग्यानं तिला खुर्ची दाखवली.

"आजोबांचं नाव घेणार ना तुम्ही?" तिनं विचारलं.

भोंग्यानं लाल रेघांचा कागद खिशात घातला. "बघतो," तो म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःचाच राग आला.

केबिन मैदानाच्या उंच कडेला होती. खेळाडूंचे नंबर दिसावेत म्हणून भोंगा तिथे दुर्बीण ठेवायचा. दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. त्यानं लाल पेनानं सोलून काढलेला मजकूर वाचला आणि मैदान शांत झालं. काही क्षणच. मग उत्तरेकडून बारीक आवाज सुरू झाला. आधी एका कोपऱ्यातून, मग ओळीओळीतून. स्स्स्स.

त्यानं दुर्बीण उचलली. तिसऱ्या रांगेत त्याचा सख्खा मेहुणा होता. बसचा ड्रायव्हर, राजा माणूस; कुणाचं घर हलवायचं असो की कुणाला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं असो, पहिला धावून येणारा. त्याचे दात आवळलेले होते आणि ओठ फाकलेले.

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं माइकचं बटण दाबलं.

"मौन पाळलं गेलं नाही. पुन्हा एक मिनिट."

लोक चुळबुळले. पंचानं घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा शांतता, पुन्हा तोच आवाज, या खेपेला दुप्पट. केबिनमधला फोन खणखणला. सेक्रेटरी होते. "भोंग्या, सामना सुरू करू दे! टीव्हीवाले बोंबलतायत!"

त्यानं फोन ठेवून दिला.

"पुन्हा एक मिनिट," तो माइकमध्ये म्हणाला. "आणि उत्तरेच्या स्टँडमधल्या मंडळींनी ऐकावं. तुम्ही जो आवाज काढताय, त्या वायूनं आपल्याच क्लबचा गोलरक्षक मारला. तुमच्या अंगात आहे ना, तीच जर्सी घालायचा तो. ज्यू होता म्हणून मारला. आता मी नावं वाचतो."

त्यानं दोन भावांची नावं वाचली. डॉक्टरांचं वाचलं. कपडे धुणाऱ्या बाईचं वाचायला सुरुवात केली आणि माइक मेला. खालून कुणीतरी वायर काढली होती.

गोलरक्षकाचं नाव राहिलं होतं. त्यानं केबिनची खिडकी सरकवली, अर्धा बाहेर वाकला आणि छाती फुटेस्तोवर ते नाव ओरडला. पण भरलेल्या मैदानात उघड्या घशाचा काय पाड लागणार! खालच्या दोन-तीन रांगांनी वळून पाहिलं. एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. शेजारच्यानं त्याला सदऱ्याला धरून खाली ओढलं, "काका, दिसत नाही हो!" तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सामना सुरू झाला.

मध्यंतरात डॉक्टरीणबाई त्याला जिन्यात भेटल्या. त्या निघालेल्याच होत्या.

"माफ करा," भोंगा म्हणाला. "मला वाटलं होतं—"

"माफी नका मागू हो," त्या वैतागून म्हणाल्या. "माफ्या ऐकून ऐकून माझे कान किटले. दर वेळी कुणीतरी भला माणूस जिन्यात गाठतो आणि हळूच सॉरी म्हणतो. तो आवाज चालू असतो तेव्हा त्या स्टँडमध्ये एकाला तरी शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणता येतं का? तेवढं झालं तरी मला पुष्कळ."

त्या जिना उतरून गेल्या.

सोमवारी क्लबचं पत्रक निघालं. 'काही प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल खेद.' कोणते प्रेक्षक, कसलं वर्तन, काही नाही. त्याच पत्रकात खाली, शिस्तभंगामुळे निवेदक बदलल्याची सूचना होती. सगळी शिस्त त्यानं एकट्यानंच मोडली होती म्हणे!

पुढच्या रविवारी मेहुणा जेवायला आला, जणू काही घडलंच नव्हतं.

"दाजी, लई मनावर घेतलंत तुम्ही," तो हात धुताना म्हणाला. "आम्हाला काय कुणाशी वैर आहे का? समोरच्यांना चिडवायचं, बाकी काय. मी आयुष्यात एका ज्यूच्या केसाला धक्का लावलेला नाही."

"तू ज्या बाईकडे दाढ काढून घेतलीस ना, तिच्या आजोबांना त्याच वायूनं मारलं. ती तिथेच बसून तुझा आवाज ऐकत होती."

मेहुणा थबकला. "ती डॉक्टरीण? ती ज्यू आहे?"

"म्हणजे ती नसती तर चाललं असतं का?"

"तसं नाही हो..."

"जेवा आता," बायको मध्येच म्हणाली. भांडण नको म्हणून ती एवढा वेळ मूग गिळून होती. मग भावाच्या ताटात वाढता वाढता तिचा हात थांबला. "नाहीतर असं कर. इथे काढून दाखव तो आवाज. माझ्यासमोर. मला ऐकायचाय."

मेहुण्यानं मान खाली घातली. त्यानं आवाज काढला नाही, चूकही कबूल केली नाही. जेवण झाल्यावर भोंग्याची मुलगी दारात आडवी आली तरी तो थांबला नाही.

पुढच्या वेळी तोच संघ आला, तेव्हा भोंग्यानं उत्तरेच्या स्टँडचं तिकीट काढलं. मेहुण्याशेजारीच जागा पकडली. केबिनमधून कुणा पोरसवद्या निवेदकाचा गोड आवाज आला, पाहुणे खेळाडू धावत बाहेर आले आणि चहूबाजूंनी सुरू झालं. स्स्स्स.

भोंगा उठून उभा राहिला. मागे वळून ओरडला, "बंद करा! लाज वाटू द्या जरा!"

"ए म्हाताऱ्या, बस खाली!" पाण्याची अर्धी बाटली त्याच्या पाठीवर येऊन आदळली. कुणीतरी हसलं. त्याच्याशिवाय कुणी उभं राहिलं नाही. त्यानं शेजारी पाहिलं. मेहुण्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि नजर बुटांवर खिळलेली.

"मी नाही केला हं आवाज, दाजी," तो पुटपुटला. "बघितलंत ना? मी गप्पच होतो."

"तेच तर म्हणतोय मी!" भोंगा इतक्या जोरात ओरडला, की पुढच्या रांगेतली बाई दचकली. "गप्पच होतास!"

मेहुणा लाल झाला. त्यानं मागे पाहिलं, तिथे त्याचेच डेपोतले दोस्त बसले होते. तो अर्धवट उठला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा बसला. भोंगा मात्र बसला नाही. पाठ ओली, गुडघे दुखत होते, मागचे शिव्या घालत होते. खेळाकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून तो मध्यंतरापर्यंत तसाच उभा राहिला.