आजारी शेड शेवटी

सन २००२ मध्ये किकवीपासून वेल्ह्यापर्यंतच्या अठरा ब्रॉयलर शेड माझ्याकडे होत्या. मी सरफराज, मुक्काम भोर, पोल्ट्री कंपनीचा सुपरवायझर. लोकांना उपदेश करायची मला जात्याच हौस, आणि कंपनी त्याचा पगारही देत होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

कामथडीच्या साळूबाईंच्या शेडमध्ये आधी शेकडा नऊ पक्षी मरायचे. नवरा वारलेला, लेक नाशिकला दिलेली, बाई एकट्या. दुपारी आळीतल्या चार बायका त्यांच्या अंगणात शेंगा फोडत बसायच्या आणि घरच्या गावठी कोंबड्यांचा रोग चपलांना लावून आणायच्या. मी फर्मान काढलं: तुमच्या गावठी कोंबड्या विका, फाटकात चुना टाका, कुणाला आत घेऊ नका, ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत तिकडे जाऊ नका. 'आत येऊ नये' अशी पाटी मीच रंगवून दिली. बाईंनी सगळं तंतोतंत पाळलं. वर्षभरात मर शेकडा तीनवर आली. पुढची दोन वर्षं दर मीटिंगला मी त्यांचंच उदाहरण देत होतो.

माझाही एक नियम होता. रोग बुटांवरून फिरतो, म्हणून निरोगी शेड आधी, आजारी शेड सगळ्यात शेवटी. तिथून निघाल्यावर त्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. साळूबाईंचे पक्षी ठणठणीत, त्यामुळे सोमवारी सकाळी सातला पहिला नंबर त्यांचा. दहा मिनिटांत काम उरकायचं. चहाला मी कधी थांबलो नाही.

एका सोमवारी पहाटेच त्यांचा फोन आला. "सायेब, पाखरं शिंकत्यात."

मग संध्याकाळी पाचला गेलो. शिंक ऐकायची तर शेडमध्ये गप उभं राहावं लागतं. आम्ही दोघं पाव तास उभे होतो. एकही पक्षी शिंकला नाही. घरात मात्र कांदाभजी आणि चहा तयार होता.

"आता कुठं जायाचं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मग त्या बोलायला लागल्या. लेकीचं बाळंतपण, विकलेली म्हैस, नवऱ्याचा तापट स्वभाव. तासभर तरी बोलल्या असतील.

पुढच्या सोमवारी परत शिंका, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "मावशी, पक्षी धडधाकट आहेत. असं आजारी लिहीत गेलो तर कंपनी पिल्लांची पुढची बॅच देणार नाही."

त्या चहा गाळत राहिल्या. "पाखरं बरी असली की तुमी धा मिनिटात जाता. आजारी असली की बसता. मला दुसरं काय सुचंना, सायेब."

मला लाज वाटली. तो तीनचा आकडा मी सगळीकडे मिरवला होता, आणि त्यासाठी या बाईचं अंगण रिकामं केलं होतं. अहवालात 'निरोगी' लिहिलं आणि चहा निमूट प्यायलो.

बेचाळीस दिवस भरले, पक्षी विक्रीला गेले. शेड धुतली की पंधरा दिवस रिकामी ठेवतात. पाटी मी स्वतः उतरवली. "आता रोगाची भीती नाही. बोलवा बायकांना."

आठ दिवसांनी मुद्दाम दुपारी गेलो. अंगणात सतरंजी अंथरलेली, सुपात शेंगा, शेजारी पाच कप. साळूबाई एकट्याच बसल्या होत्या.

"आल्या नाहीत?"

"न्हाई. ठकुबाईच्या वट्यावर बसत्यात आता."

"मग तुम्ही जायचं तिकडं."

"गेलते की. सरकून जागा दिली त्यांनी. पर म्या बसले आन् बोलणंच थांबलं. तीन वर्सं झाली, सायेब."

इतरांना शहाणपण शिकवणारा मी, बूट काढून सतरंजीवर बसलो आणि शेंगा फोडायला घेतल्या.

त्यांनी विचारलं, "पिल्लं कवा टाकताय?"

"येत्या सोमवारी."

त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. "आन् पयल्याच दिशी शिंकली तर?"

"तर शेवटी येईन," मी म्हणालो.