आभाळीनं एसटीला कडी का घातली?

अहमदपूरच्या स्टँडवर सरजामावशीचं पुस्तकांचं दुकान. त्यातली एक फळी ज्योत्स्नाला मिळाली होती, तीही एका रविवारापुरती. तिनं स्वतः काढलेली, नायगावहून छापून आणलेली चित्रकथा खपली तर फळी कायमची तिची. न्हाई तर उद्यापासून तिथं गाइडं.

चित्रकथेतली आभाळी मोठी गुणाची. ओढणी पसरली की पाखरू, मूठ वळली की पहाड. मुखपृष्ठावर तिनं गुंडाला चीत केलेलं. लोक बघत, अन् पुढं जात.

"पोरी, कोडं घालताना उत्तर आधी सांगतेत का?" मावशी म्हणाली. "आभाळी जिंकली, हे भाईरच दिसून राहिलंय. आत कशाला कोण डोकावंल?"

ज्योत्स्नाला पटलं. बाकड्यावर बसून तिनं नवं चित्र काढलं, झेरॉक्स मारल्या, जुन्या मुखपृष्ठांवर चिकटवल्या. भरलेली एसटी, आत ओरडणारी माणसं, अन् बाहेरून दाराला कडी घालणारी आभाळी. वर गालात हसणारी!

"आमच्या गाडीला कडी? हिचं डोकं फिरलं का?" म्हणत केरबा कंडक्टरनं पहिली प्रत घेतली. मग प्रवाशांची झुंबड. बघता बघता फळी रिकामी.

घटकाभरानं केरबा परत आला, मागं अर्धी गाडी घेऊन. "ताई, दोनदा वाचलं. ह्यात एसटी हायच न्हाई!"

ज्योत्स्नाच्या आत्ता ध्यानात आलं. मुखपृष्ठ बदललं होतं, आतली गोष्ट जुनीच!

"आत चोर असंल," एक प्रवासी म्हणाला.

"चोर कशाचा? केरबानं सुट्टे दिले नसतील!" दुसरा म्हणाला.

हशा पिकला. केरबा मात्र हटेना. "गाडी सुटायची येळ झालीय. कडी का घातली ते सांगा, न्हाई तर समद्या प्रती वापस."

ज्योत्स्नानं समोरच्या उभ्या गाडीकडं पाहिलं. धुळीत रुतलेलं चाक पाहिलं. अन् ओठांवर गोष्ट आली.

"चाकापुढं टिटवीनं अंडी घातली होती, भाऊ. आभाळीनं माणसांसकट गाडी उचलली अन् पल्याड ठेवली. उचलताना कुणी खाली पडू नये, म्हणून कडी!"

मग एक म्हातारी म्हणाली, "शहाणी हाय गं तुझी आभाळी."

"हेच काढून आण आता," मावशी म्हणाली. "फळी तुझी."

सगळे परत गाडीत चढले. केरबानं घंटी मारायला दोरी धरली, सोडली. खाली उतरला, वाकला, चारी चाकांखाली पाहून आला.

"नीट बघा, कंडक्टर!" खिडक्याखिडक्यांतून माणसं ओरडली.