माझ्या तोंडात बोळा कोंबला!

मी एक जुनी नळी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी भयंकर चिडलेली आहे. मित्रांनो, ट्रकच्या इंजिनाच्या कुशीला एक वाकडी नळी असते, तिचे तोंड खाली रस्त्याकडे असते. तीच मी. गॅरेजवाले मला ब्रीदर म्हणतात. बाकीचे काहीच म्हणत नाहीत, कारण मी असते हेच त्यांना ठाऊक नसते!

एका कारखान्यात मला तापवून वाकवले, टोकाला रबर चढवले आणि इंजिनाला आवळून टाकले. इंजिनात डिझेल पेटले की पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर निसटून खाली तेलाच्या टाकीत उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर सोडणे हे माझे काम. किती वर्षे केले! सिमेंट वाहिले, विटा वाहिल्या, कपाटे वाहिली. लोक आरसे पुसत, दिवे पुसत. माझ्या तोंडावरचा चिखल कोणी कधी खरवडला असेल तर शपथ!

यंदा माझ्या तोंडून भसाभस धूर येऊ लागला. सोबत तेलाचे थेंब. काहीतरी बिघडले आहे, बघा रे, असे मी दिवसभर ओरडत होते. मला तेवढीच भाषा येते.

ट्रक ताईंचा आहे आणि चालवतो त्यांचा धाकटा भाऊ. मिशा पिकायला लागल्या तरी घरात तो अजून बाळ्याच. त्याला माझा धूर दिसत नव्हता असे नाही. पण पिठाच्या गोदामाच्या फाटकावर रखवालदाराने त्याला अडवले. "तेल गळतंय तुमच्या गाडीचं. आत पीठ आहे, गाडी बाहेर काढा!" तेव्हा या शहाण्याने काय केले असेल? सीटखालचे फडके घेतले, त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला! थेंब बंद. बाळ्या खूश. शीळ घालत पिठाची पोती भरून निघाला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, तोंड बंद केले म्हणून आतला धूर कुठे जातो का? तो साचत गेला, दाबत गेला. लांबलचक उतार उतरून गाडी सपाटीला लागली आणि तेल मोजायची पट्टी टणकन उडाली. तेल अडवणारे मागचे सील फाटले. रस्त्यावर तेलाचा पाट! दुसऱ्या ट्रकने ओढत आम्हाला गॅरेजात आणले, ताईही तिथे धावत आल्या.

मिस्त्रींनी तेल ओतले, इंजिन चालू केले, वरचे झाकण उघडले. धूर फुसफुसत वर आला. झाले, निकाल लागला!

"इंजिन बॅक मारतंय, धूर उलटा खाली उतरतोय. रिंगा संपल्या, सिलिंडरचे बोअर झिजून संपले. उतरवा आणि द्या भंगारात. दुसरं बसवू," मिस्त्री म्हणाले.

एक नजर टाकली आणि जन्मभराच्या कामावर पाणी सोडले! भंगारवाल्याला निरोपही गेला. इंजिनासोबत मीही वितळणार होते. आणि बाळ्या? तो मूग गिळून उभा.

ताई मात्र हलल्या नाहीत. "मिस्त्री, ताप आलाय का ते तुम्ही कपाळ बघून सांगता की मोजून?"

"ताई, एवढी वर्षं हेच करतोय मी."

"म्हणून तर म्हणते, मोजून दाखवा."

कुरकुरत मिस्त्री माझ्यापाशी वाकले आणि ओरडले, "अरे, ही चिंधी कोणी कोंबली?"

"थेंब पडत होते, म्हणून..." बाळ्या पुटपुटला.

"धन्य आहेस बाबा! सील फाटेल नाही तर काय होईल?"

बोळा निघाला आणि मी मोकळा श्वास घेतला. मिस्त्रींनी रंगीत पाणी भरलेली एक पारदर्शक नळी वाकवून माझ्या तोंडाला जोडली. सीलखाली परात ठेवली, इंजिन चांगले तापवले, वेग वाढवला. पाणी झरझर वर चढले.

"बघा, मी काय म्हणत होतो!"

"दाब आहे हे दिसलं. पण तो रिंगांमधूनच येतो कशावरून?" ताईंनी विचारले.

 मिस्त्रींनी इंजिन थांबवून माझ्या शेजारच्या कॉम्प्रेसरची हवा नेणारी नळी सोडली. मित्रांनो, हा कॉम्प्रेसर ब्रेकसाठी हवा दाबून भरतो; ती कमी पडली की ब्रेक दगा देतात. तो आतून झिजला की तीच हवा इंजिनात शिरते आणि बदनाम होतात बिचाऱ्या रिंगा. नळी सोडल्यावर त्याला हवा दाबावी लागेना. इंजिन पुन्हा चालू केले. पाणी थोडेसेच चढले आणि तिथेच डुलत राहिले.

"रिंगा ठीक आहेत," मिस्त्री हळूच म्हणाले. "वयाच्या मानाने उत्तम. कॉम्प्रेसर गेलाय. काय रे बाळ्या, ब्रेकची हवा भरायला वेळ लागत होता का?"

"लागायचा. हल्ली फारच."

"मग बोलला नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही!"

ताई गर्रकन बाळ्याकडे वळल्या. "आणि भरलेली गाडी घेऊन तू तो उतार उतरलास?"

 ताईंनी मिस्त्रींकडे पाहिले. "दुसरं इंजिन बसवलं असतं, तर कॉम्प्रेसरही नवा आला असता ना?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "नाही. बाहेरचे भाग आम्ही जुन्याचेच लावतो. हाच काढून नव्या इंजिनाला लावला असता."

ताई मटकन टायरवर बसल्या. बाळ्याचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता आणि त्यांना रडू आवरत नव्हते. "मेल्या, इंजिन दुसरं मिळालं असतं रे," एवढेच त्या म्हणत राहिल्या.

भंगारवाला आला तेव्हा मिस्त्रींनी तो कॉम्प्रेसर त्याच्या हातात ठेवला आणि त्याला परत पाठवले. माझी क्षमा कोणी मागितली नाही. नका मागू! पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादा नळ ठिबकत असेल, पंखा कुरकुरत असेल, कोणी म्हातारे माणूस सारखे तेच ते सांगत असेल, तर त्याला गप्प करायची घाई करू नका. जरा वाकून बघा. आमचा बाळ्या वाचला, तो मी सांगितलेले कोणी ऐकले म्हणून नव्हे. त्या उतारावर त्याला नुसते नशीब लाभले.