जाळीकरवत आणि महालिंगप्पांची बैठक

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हे शिलाई मशीन आहे ना? मग सुई कुठे गेली?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. खाली पायाने दाबायची पायटी आहे, बाजूला चाक आहे, चाकावर चामड्याचा पट्टा आहे. एवढे पाहून लोक फसतात. पण जरा वर पाहा. सुईच्या जागी दोऱ्यासारखे बारीक, दातेरी पाते उभे ताणलेले असायचे. पाय मारला की ते वरखाली नाचायचे आणि फळीवर वेल, पान, मोर, जे काढाल ते कापून द्यायचे. मी एक जुनी जाळीकरवत आहे आणि स्वभावाने भारी चौकस आहे. माझ्या टेबलावर फळी आली की तिचे पुढे काय होणार, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझा जन्म दूर विलायतेतल्या कारखान्यात झाला. तिथून फिरत फिरत मी सोलापूरला जुन्या यंत्रांच्या दुकानात येऊन पडले. लढाईचे दिवस होते. नवी यंत्रे येत नव्हती, म्हणून जुन्यांनाच धुऊनपुसून दारात मांडत. माझ्या शेजारी एक हिरवी करवत होती. तिच्या अंगावर सोनेरी फुले काढलेली होती. मी आपली काळी, बिनरंगाची. येणारे गिऱ्हाईक तिच्याकडे पाही आणि मी त्या गिऱ्हाइकाकडे.

एके दिवशी डोईला रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगाने भरदार असे एक गृहस्थ आले. हे निजामाच्या मुलखातल्या ईट गावचे कापडदुकानदार महालिंगप्पा. सोलापूरच्या एका पेढीत त्यांनी लाकडी जाळीकामाच्या चौकटीतली तसबीर पाहिली होती आणि तेव्हापासून हा छंद त्यांच्या मनात बसला होता. दुकानदाराने अर्थातच हिरवीची तारीफ सुरू केली. महालिंगप्पांनी पाणी मागितले. तहान लागली असेल म्हणून दुकानदाराने काठोकाठ भरलेले फुलपात्र आणून दिले. महालिंगप्पांनी ते प्यायचे सोडून हिरवीच्या टेबलावर ठेवले आणि पाय मारला. ती अशी थडथडली की निम्मे पाणी त्यांच्या धोतरावर! मग फुलपात्र माझ्याकडे आले. पाणी नुसते थरथरले, सांडले नाही. पुढे त्यांनी माझे पाते स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहिले. माझ्या वरच्या भुजेखाली हात घालून केवढी फळी फिरेल याचा अंदाज घेतला.

"अहो शेठ, निदान रंग तरी पाहा," दुकानदार म्हणाला.

"रंगाला काय करू? म्या काय लुगडं घ्यायला आलोय व्हय?" महालिंगप्पा म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही कधी छंदासाठी करवत घ्यायला गेलात तर असेच पारखून घ्या. थरथरणारे यंत्र हौशी माणसाला हटकून रडवते, आणि जिचे पाते बदलायला घाम फुटतो तिला लोक लवकरच अडगळीत टाकतात.

बार्शीपर्यंत मी रेल्वेने आले आणि पुढे बैलगाडीने. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. तिथे येणाऱ्या मालावर जकात घेत. नाक्यावरचा शिपाई माझ्याभोवती फिरला आणि चाक फिरवून पाहत म्हणाला, "मशीन है तो सुई कहाँ है जी?"

"सुई न्हाय साहेब, करवत हाय."

"कपडा बेचनेवाला लकडी कायकू काटता?"

"हौस हाय," महालिंगप्पा म्हणाले. शिपाई हसला आणि त्याने जकात घेऊन आम्हाला सोडले. त्याचा प्रश्न मात्र मी गाडीत बसून ईटपर्यंत मनात घोळवत राहिले.

दुकानामागच्या खोलीत खिडकीजवळ माझी जागा झाली. सुरुवातीला महालिंगप्पांनी चहाच्या खोक्यांच्या फळ्यांवर हात बसवला. पाती टकाटक तुटत. पहिल्या मोराची चोच गळून पडली, दुसऱ्याचा पाय. कारण ते घाईने फळी ढकलत. हळूहळू त्यांना उमजले की फळी ढकलायची नसते, नुसती वळवायची असते. आतली नक्षी कापायची तर आधी गिरमिटाने भोक पाडायचे, पाते त्यातून ओवायचे, ताणायचे आणि मग कापायचे. हे जमले तशी त्यांची कळी खुलली. त्यांनी बायकोसाठी पळ्या-झारे अडकवायची फळी केली. तिला वेलाची किनार होती. त्यांच्या पत्नी पार्वतम्मा अंगाने लहानखुऱ्या, बोलायला खणखणीत. "अवो, येलाचं ठीक हाय, पर झारा खाली पडतोय त्येचं काय?" त्या म्हणाल्या. तरी ती फळी त्यांनी चुलीजवळ लावली आणि आल्यागेल्याला दाखवली.

मग एके दिवशी सागवानाच्या चांगल्या फळ्या आल्या. ज्ञानोबा सुतार आला. महालिंगप्पा रोज इष्टलिंगाची पूजा करायला बसत तशी मांडी घालून बसले आणि ज्ञानोबाने दोरीने त्यांचे माप घेतले. रुंदी, पाठीची उंची, सगळे. माझे कुतूहल शिगेला पोचले. एवढी मोठी पाठ, दोन बाजूंच्या जाळ्या, खाली चौरंगासारखा तळ! हे काय होणार? महालिंगप्पा कोणाला काही सांगेनात. ज्ञानोबाने विचारले तर म्हणाले, "बसायचं हाय."

पार्वतम्मांनी अंदाज बांधला. श्रावणात मठाचे स्वामी गावात येणार होते, तेव्हा ही गादी स्वामींचीच! अंदाज गावभर झाला. बायका पाहायला येऊ लागल्या. पार्वतम्मा रोज सकाळी अंघोळ करून यायच्या आणि कापून तयार झालेल्या पाठीवर विभूती लावून बेल वाहायच्या. मलाही ते पटले आणि मी फुशारून गेले. माझ्या पात्याखालून गेलेल्या फळीवर प्रत्यक्ष स्वामी बसणार होते ना!

एका दुपारी पार्वतम्मा चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्वामींना निरोप धाडलाय बरं का. बैठक तयार हाय म्हनून सांगितलंय."

महालिंगप्पांचा पाय पायटीवर थांबला. "कशाला धाडलास?"

"म्हंजे? त्येंच्यासाठीच न्हवं ही?"

"न्हाय गं. माझ्यासाठी हाय."

"तुमी कवापासनं गादीवर बसायला लागलाव?"

"गादी न्हाय. माझं विमान हाय त्ये."

मित्रांनो, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. लिंगायत घरात माणूस गेला की त्याला आडवे नेत नाहीत. पूजेला बसल्यासारखे मांडी घालून बसवतात आणि खांद्यावरून नेऊन तसेच बसलेले पुरतात. ज्या बैठकीत बसवून नेतात तिला विमान म्हणतात. एरवी ते माणूस गेल्यावर बांबू-फळ्यांचे घाईघाईने बांधतात. महालिंगप्पांना वाटले होते, आपण निवांत, हौसेने आपले आपणच करावे. त्यांना त्यात भिण्यासारखे काही दिसत नव्हते. स्वामींची बैठक आणि गेलेल्या माणसाची बैठक सारखीच असते, म्हणून सारे गाव फसले, आणि मीही.

पार्वतम्मांनी चहा खाली आदळला. त्यांनी पाठीवरचा बेल भराभरा ओरबाडून काढला. "म्या रोज हितं बेल वाहिला," त्या म्हणाल्या. "माझ्या ह्या हातानं! ही करवत माझ्या घरात नको." आणि त्या रडत आत गेल्या.

महालिंगप्पांनी मला घराबाहेर काढले नाही, पण माझ्यावर गोणपाट टाकले. पट्टा वाळून कडक झाला. पात्यावर तांबडा गंज चढला. गोणपाटाखालून मला दिसत काही नसे, ऐकू मात्र येई. श्रावणात स्वामी आले आणि साध्या चौरंगावर बसून गेले, एवढे कानावर आले. एरवी ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. पार्वतम्मा जेवायला वाढत, पण नवऱ्याशी एक शब्द बोलत नसत. ज्या घरात झाऱ्यावरूनसुद्धा वाद रंगायचा त्या घरात नुसते भांड्यांचे आवाज येत. मला फार वाईट वाटायचे. हे दोघे पुन्हा बोलतील की नाही, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

उन्हाळ्यात समोरच्या घरातले धुळाप्पा वारले. पार्वतम्मा तिकडे गेल्या. परत येऊन त्यांनी अंघोळ केली आणि त्या ओल्या केसांनीच थेट माझ्या खोलीत आल्या. मागोमाग महालिंगप्पाही आले. पार्वतम्मांनी माझ्यावरचे गोणपाट ओढून काढले.

"धुळाप्पा मामांची मान लटकत व्हती," त्या म्हणाल्या. "सारखी फुडं पडायची. शेवटी कपाळाला फडकं बांधून मागं आवळली. लई वंगाळ दिसलं वो." मग भिंतीला टेकवलेल्या बैठकीकडे पाहून त्यांनी विचारले, "ह्यात मान टेकायला काय केलंय तुमी?"

महालिंगप्पांनी बैठकीच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "काय बी न्हाय. इसरलो."

"इसरलाव? येवढी येलबुट्टी कापलीत आन् मान इसरलाव?"

इतक्या दिवसांनी त्या नवऱ्यावर रागावल्या होत्या! माझ्या गंजल्या पात्याला उडी मारावीशी वाटली. पुढे जे झाले ते तर मी स्वप्नातही पाहिले नव्हते. पार्वतम्मांनी बैठक पुढे ओढली आणि पदर सावरून त्या तीत मांडी घालून बसल्या.

"ऊठ गं, काय करायलीस?" महालिंगप्पा घाबरून म्हणाले.

"बघायलेय. माझं डोस्कं कुठं येतंय बघा. म्या तुमच्या आधी जानार."

"असं कुठं ठरत असतंय व्हय?"

"न्हाय ना ठरत? मग दोघांचं माप घ्या."

दुसऱ्या दिवशी माझ्या चाकात तेल पडले आणि नवे पाते लागले. मान टेकवायला अर्धगोल उशीसारखी फळी कापायची होती. नक्षी पार्वतम्मांनी अंगणात रांगोळीने काढून दाखवली, महालिंगप्पांनी ती फळीवर उतरवली. पाठीला दोन खाचा पाडल्या, वरची महालिंगप्पांची, खालची पार्वतम्मांची. उशी हवी त्या खाचेत बसे. काम चालू असताना पार्वतम्मा शेजारी पाट घेऊन बसत. हे भोक कशाला, ते पाते इतके बारीक का, इथे कापले तर तुटणार नाही का, असे सारखे विचारत. महालिंगप्पा एकेक गोष्ट समजावून सांगत. लग्नाला कितीतरी वर्षे झालेले ते दोघे त्या खोलीत जेवढे बोलले तेवढे आधी कधी बोलले असतील असे मला वाटत नाही.

पुढे एका पावसाळ्याच्या अखेरीस पार्वतम्मांना ताप आला आणि तो उतरलाच नाही. त्या सकाळी माणसे बैठक न्यायला खोलीत आली. ज्ञानोबाने सवयीने मापाची दोरी काढली. "माप कशाला?" महालिंगप्पा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उशी खालच्या खाचेत बसवली. मी तिथे गेले नव्हते, पण ज्ञानोबा नंतर सांगत होता, मसणवट्यापर्यंत पार्वतम्मांची मान जरासुद्धा हलली नाही.

रिवाज असा की विमान तिथेच टाकून यायचे. महालिंगप्पांनी ते परत आणले. लोकांनी नावे ठेवली. "मला दुसरं कोन करून दील?" ते म्हणाले आणि बैठक माझ्या शेजारी ठेवून दिली. निजामाचे राज्य गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचीही वेळ आली. ज्ञानोबाने उशी उचलून वरच्या खाचेत बसवली. या खेपेस बैठक परत आली नाही.

मित्रांनो, आता मी त्यांच्या नातवाच्या घरात कोपऱ्यात उभी आहे. मुले माझ्यावर दप्तरे ठेवतात. माझ्या चाकात अधूनमधून तेलाचे थेंब घाला, पात्याची जागा रिकामी ठेवू नका. माझ्याने अजून पुष्कळ कापून होईल. पण एक मागणे याहून मोठे आहे. तुमच्या घरात कोणी एकटेच काही करत बसलेले दिसले तर दुरून अंदाज बांधू नका. जवळ पाट घेऊन बसा आणि विचारा. पार्वतम्मांनी उशिरा का होईना, विचारले. म्हणून ते दोघेही मान ताठ ठेवून गेले.