अकरा टक्क्यांची कपात

तुवालूतल्या त्या बेटावरच्या शाळेला कार्बन कमी केल्याबद्दल पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला विमानानं ब्रिस्बेनला जायचं होतं. शाळेनं बक्षीस मिळालंच नाही असं धरलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरू.

सेपोला बाईंनी वर्गाचं दार ढकललं आणि त्या दारातच थांबल्या. नऊच्या नऊ मुलं गाल फुगवून, डोळे वटारून बसली होती. कुणी हलत नव्हतं. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडेला, आठ वर्षांची लोसा घड्याळाकडे बघत एक हात वर धरून होती. तिनं हात खाली घेतला आणि अख्ख्या वर्गानं फुस्स केलं.

"काय चाललंय हे?"

"कपात, बाई," लोसा म्हणाली.

चूक बाईंचीच होती. ब्रिस्बेनच्या एका संस्थेकडून तक्ता आला होता: शाळेचा कार्बन मोजा, तीन महिन्यांत दहा टक्के कमी करा. मोजायला काही सापडेना. दिवे उन्हावर चालायचे, मुलं पायी यायची. वर्गातल्या तवीता नावाच्या पोरानं मुख्याध्यापकांची मोटरसायकल सुचवली. पण ती दोन वर्षांपूर्वीच खाऱ्या पाण्यानं गंजून वारली होती. शेवटी लोसानं विचारलं, आपण श्वास सोडतो त्यात कार्बन असतो ना? असतो, बाई म्हणाल्या. 'इतर' या रकान्यात नऊ विद्यार्थ्यांचे श्वास गेले. शिक्षकांचे तक्त्यात धरत नव्हते. मग मुलांना हुरूप यावा म्हणून बाईंनी आणखी एक वाक्य जोडलं: कार्बन कमी झाला की समुद्र वर येत नाही.

आणि आज संध्याकाळी पाचला वर्षातली सर्वांत मोठी भरती होती.

शाळेमागे लोसाच्या आजीचा खड्डा होता, पुलाकाचे, म्हणजे अळूच्या जातीचे, मोठे कंद लावलेला. गेल्या भरतीत खारं पाणी शिरून अर्धे कंद सडले. उरलेले गेले, की लोसाला घेऊन पुढच्या बोटीनं फिजीला, मामाकडे, असं आजीनं सांगून टाकलं होतं.

"किती वेळ रोखता?"

"मी पन्नास आकडे. तवीता अकरा. तो चोरून घेतो."

"नाकानं घेतलेला धरत नाहीत," तवीता म्हणाला.

"अगं, रोखलेला श्वास मागाहून दुप्पट बाहेर येतो."

"येऊ दे की मागाहून, बाई. भरती पाचलाच आहे."

मुख्याध्यापक पेनिटुसींनी दारातून डोकं आत घातलं.

"वर्ग शांत आहे. काही झालं का?"

"नाही, सर."

"मग ठीक. मी घाबरलोच होतो."

पाचला पाच कमी असताना सगळे खड्ड्याशी उभे होते. समुद्र किनाऱ्यावरून आला असता तर निदान तो बघून पळता आलं असतं. इथं तो जमिनीखालून यायचा, खेकड्यांच्या बिळांतून, आगाऊ न कळवता. खड्ड्यालगत असंच एक बीळ होतं. लोसा त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं श्वास रोखला.

तवीता आकडे मोजू लागला. पन्नास झाले. साठ झाले. लोसाचे ओठ जांभळे पडले.

"लोसा, सोड."

तिनं मान हलवली.

"सोड म्हणते ना! ऐक माझं!"

सत्तर. बाईंनी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. पोरगी त्यांच्या मांडीवर कलंडली, तिचं तोंड उघडलं आणि घर्रकन श्वास सुटला. त्याच क्षणी बिळातून गुळगुळ आवाज आला. पाणी वर आलं, जरा थबकलं आणि खड्ड्याकडे वळलं.

"मी सोडला म्हणून आलं," लोसा पुटपुटली.

"नाही गं राणी. तुझ्यामुळे नाही."

"मग कुणामुळे?"

बाईंनी क्षितिजाकडे पाहिलं. तिथं विचारण्यासारखं कुणी नव्हतं. तक्त्यात धरत नसले तरी आपणही मघापासून श्वास रोखलाय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

बोट तेराव्या दिवशी आली. आजीनं चटईची वळकटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुलाकाची तीन रोपं घेतली. लोसा तिच्यासोबत धक्क्यावर आली. गाल फुगवून उभी होती.

तीन महिने भरले, तसा पेनिटुसींनी तक्ता पुढे ओढला.

"नऊचे आठ. म्हणजे अकरा टक्के. सेपोला, आपण जमवलं की!"

मग त्यांचं तिसऱ्या बाकाकडे लक्ष गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"सर, हे पाठवू नका."

"खोटं कसं लिहू, बाई?"

पुढे जे झालं नाही असं आपण धरलं आहे, ते झालं. ब्रिस्बेनहून अभिनंदनाचं पत्र आलं. बाईंनी त्याच दिवशी शाळेच्या शिक्क्यानिशी उत्तर लिहिलं:

'महोदय, आमच्या शाळेची अकरा टक्के कपात नजरचुकीनं झालेली आहे. सबब ती रद्द समजावी आणि कपात झालेली बाब पुढील बोटीनं, पूर्ववत श्वास घेत असलेल्या स्थितीत, तिसरा बाक, खिडकीकडील बाजू, या पत्त्यावर परत करण्यात यावी, ही नम्र विनंती.'